मागचं डावं दार

बसवंतने गाडीच्या मागच्या डाव्या दाराची आतली मूठ स्क्रू काढून वेगळी केली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडाला धरली. मूठ मधोमध तडकली होती, त्याचं त्याला काही वाटलं नाही. इतकी वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक तडकणारच. पण तडकलेल्या जागेच्या थोडं वर, कडेला, खोल खुणांची एक कमान उमटली होती आणि खालच्या अंगाला तशीच दुसरी. त्याने त्यांवरून अंगठा फिरवला. मग गल्लीत कुणी बघत नाही असं पाहून मूठ तोंडाजवळ नेली आणि आपले दात त्या खुणांवर टेकवून पाहिले. बरोबर बसले. लहान पोराचा जबडा एवढा नसतो.

त्याने मूठ खाली ठेवली आणि मागच्या नळावर जाऊन चूळ भरली.

आधीच्या मालकाची पोरं फार द्वाड होती, असं पद्मनाभराव गाडी सोडायला आले तेव्हा म्हणाले होते. न विचारता म्हणाले होते. तेव्हा बसवंतच्या ते ध्यानात आलं नव्हतं, आता आलं.

पद्मनाभराव बकरे म्हणजे बसवंतचे होऊ घातलेले व्याही. दिवाळीनंतर बसवंतच्या मुलीचा, भाग्यलक्ष्मीचा साखरपुडा त्यांच्या दयानंदशी झाला होता आणि माघात लग्न ठरलं होतं. दयानंद इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत होता, कंपनीच्या बसने जायचा-यायचा, बोलायला मवाळ. पद्मनाभरावांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ही जुनी मारुती घेतली होती. वरात याच गाडीतून घरी जाणार, तर आतून ती जरा माणसात आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. खरं तर जे. सी. रोडवर असली कामं करणारे ढिगाने होते आणि पद्मनाभरावांच्या सोयीचं तेच झालं असतं. पण बंगळुरातला नामदेव शिंपी समाज तो केवढासा! व्याही याच धंद्यात बसलेला असताना गाडी दुसऱ्याच्या दुकानात उभी दिसली असती, तर पुढच्या एकादशीला देवळात त्याच्यावर कीर्तन झालं असतं. म्हणून त्यांनी रीत पाळली. नारळ, पानसुपारी घेऊन स्वतः गाडी चालवत आले आणि किल्ली बसवंतच्या हातात दिली. रीत पाळली नसती तर कुणाला काही कळलंही नसतं.

बसवंतचे आजोबा निपाणीहून शिवणयंत्र घेऊन आले होते. वडिलांनी कपड्यांऐवजी गाड्यांच्या सीटा शिवायला घेतल्या. बसवंत सीटांवरून प्लास्टिकवर आला तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा. फुटलेल्या भागाच्याच पाठीमागून, दिसणार नाही अशा जागेवरून, तो थोडं प्लास्टिक खरवडायचा, ते ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची खळ करायचा आणि भेगेत भरायचा. ती अर्धवट वाळली की वर रेक्झीनचा तुकडा दाबून दाणेदार पोत उठवायचा. रंग दिल्यावर सांधा कुठे होता ते त्याचं त्यालाही शोधावं लागे. फक्त त्याची एक सवय होती. काही जोडण्याआधी ते कशाने मोडलं हे तो बघत बसायचा. ही काही चांभारचौकशी नव्हती. जोर कुठून आला हे कळलं नाही तर सांधा त्याच जागी पुन्हा उकलतो, हे तो पुष्कळ वेळा तोंडघशी पडून शिकला होता.

त्या सवयीने त्याने आता गाडी पुन्हा पहिल्यापासून बघितली. डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण खालून वर फुटलं होतं, म्हणजे कुणीतरी पायाने. त्या भेगेत धूळ भरून काळी झाली होती. मागच्या मुठीची भेग मात्र आतून स्वच्छ होती, अलीकडची. म्हणजे ते जे कुणी होतं ते आधी पुढे बसायचं, मग त्याला मागे बसवायला लागले. मागच्या उजव्या दाराला सगळं जागच्या जागी होतं. डाव्या दाराला काच खाली करायचं हँडल नव्हतं, पण ते मोडलेलं नव्हतं. आतली क्लिप नीट ओढून कुणीतरी ते काढून घेतलं होतं. लॉकचं बटणही नव्हतं. नुसतं बटण काढून भागलं नसावं, कारण बोटांना पकडता येऊ नये म्हणून खालची सळी पत्र्याच्या बरोबरीने कापली होती. आणि कापलेल्या तोंडाला कानस मारली होती, बोटाला लागू नये म्हणून.

कानशीच्या त्या खुणेवरून बसवंतने पुन्हा एकदा बोट फिरवलं. एवढी काळजी माणूस परक्याच्या पोरांसाठी घेत नाही.

दुपारी तो बसवनगुडीला घरी जेवायला गेला. त्याची थोरली बहीण कस्तुराबाई शेजारच्याच गल्लीत राहायची, आणि बसवंतची बायको वारल्यापासून दुपारचं या घरचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असे. हे स्थळही तिनेच आणलेलं होतं. ती ताक घुसळत बसली होती. बसवंतने पानावर बसायच्या आधी पिशवीतून मूठ काढून तिच्यापुढे ठेवली.

"हे काय आणलंस?"

"अक्का, बकऱ्यांच्या घरात आणखी कोण आहे?"

"कोण असणार? नवरा, बायको, मुलगा."

"हे दात आहेत. मोठ्या माणसाचे."

कस्तुराबाईने रवीची दोरी सोडली नाही, पण ओढणं थांबवलं. तिने मुठीकडे नीट बघितलंही नाही, आणि तिने बघितलं नाही यावरूनच बसवंतला कळलं की तिला माहीत आहे.

"गाडी दुरुस्त कर म्हणून दिली होती तुला," ती म्हणाली, "कुंडली मांड म्हणून नव्हे."

मग थोडं थोडं करत तिने सांगितलं. दयानंदच्या आधीची एक मुलगी आहे, चंपा. लहानपणी ताप मेंदूत गेला. अंगाने वाढली, डोक्याने तिथेच राहिली. कधी गोड असते, कधी अंगात वारं शिरल्यासारखं करते. श्रावणात दयानंदसाठी मुली बघायला घेतल्या तेव्हा तिला होसूर रस्त्याच्या बाजूला एका आश्रमात नेऊन ठेवली. समाजात जुन्या लोकांना ठाऊक आहे, पण विषय कुणी काढत नाही. आता ती त्या घरात नाही, भाग्याच्या वाटेला कधी यायची नाही, मग उकरून कशाला काढायचं? आईविना वाढलेल्या पोरीला असं निर्व्यसनी, घरचं खाऊन-पिऊन सुखी स्थळ पुन्हा मिळणार आहे का? कस्तुराबाईचं बोलणं पुष्कळ वेळ चाललं होतं आणि त्यात चूक काढावी असं फारसं काही नव्हतं. बसवंत ताकभात कालवत राहिला आणि तसाच उठला.

त्याला राग आला होता. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती, आणि भीती त्या वेड्या मुलीचीच होती. वेडं रक्त. उद्या भाग्याला मूल झालं तर? तापाने झालं म्हणतात, पण असं सगळेच म्हणतात. सबंध दुपारभर तो लग्न मोडायचंच असं मनात घोकत, डॅशबोर्डच्या भेगेत खळ भरत होता. हात आपले काम करत होते. हातांना लग्न मोडलंय की राहिलंय याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

संध्याकाळी भाग्या शाळेतून आली. ती तिथे लहान मुलांना शिकवायची. साखरपुड्यापासून तिच्या चालण्यात एक हलकेपणा आला होता आणि बसवंतला तो बघून बरं वाटायचं, थोडं वाईटही वाटायचं. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती तिथे तो गेला आणि त्याने जे होतं ते सांगितलं. काही लपवलं नाही. पुढे काय करायचं ते मात्र बोलला नाही.

भाग्या त्याच्या सदऱ्याची घडी घालत होती. ती तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"त्यांनी मला सांगितलं नाही," ती म्हणाली.

दयानंद तिला दोनदा लालबागेत भेटला होता, हे बसवंतला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं तो वागत होता. त्याने मान हलवली.

"तिच्याजवळ कोण जातं तिथे?"

"विचारलं नाही मी."

 भाग्याने कपड्यांचा ढीग उचलून छातीशी धरला.

"मला काही झालं तर मला कुठे ठेवतील, अप्पा?"

 इतक्या साध्या शब्दांत हा प्रश्न बसवंतला स्वतःला दिवसभरात सुचला नव्हता. तो रक्ताला भीत होता, आणि मुलीने बोट ठेवलं होतं ते त्या कानशीवर. पोटची मुलगी घरातून काढायची, गाडीतून तिच्या खुणाही काढायच्या, आणि त्या खुणा काढायला गाडी नव्या सुनेच्या बापाकडेच पाठवायची. तो जिना उतरून खाली आला आणि अंधार पडला तरी दिवा लावायचं विसरून ओसरीवर बसून राहिला.

गाडीचं काम त्याने पुरं केलं. ते त्याला अर्धवट ठेवता आलं नसतं. झाकण बसलं, छताच्या दिव्याचं कवच बसलं. मागच्या डाव्या दाराच्या सळीला त्याने तुकडा जोडला, त्यावर बटण लावलं, काचेचं हँडल लावलं, फिरवून पाहिलं. मूठ शेवटी घेतली. भेग भरली तरी दातांच्या खुणांपाशी त्याचा हात काही वेळ घुटमळला. मग त्याही भरल्या. रेक्झीन दाबलं, रंग दिला, आणि मुठीवर दात कुठे होते ते कुणाला सांगता आलं नसतं.

गाडी द्यायला तो जयनगरला गेला तेव्हा पद्मनाभराव फाटकापाशीच होते. त्यांनी दार उघडून आत डोकावलं. मागची मूठ पाहिली, नवं बटण पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

"नवीच वाटते की हो," ते म्हणाले.

आत अनुसूयाबाईंनी कॉफी आणली. ठेंगणी, सावळी बाई, हातात काचेच्या बांगड्या पुष्कळ. साखरपुड्यात ती सारखी हसत होती. बसवंतने कॉफीला हात लावला नाही. या घरी यायच्या आधी त्याने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आणि त्यात थोडी लबाडीही होती. लग्न मोडतो म्हटलं असतं तर समाजात भाग्याचं नाव निघालं असतं. त्यापेक्षा अशी एक अट घालायची, की जी ही माणसं मान्य करणारच नाहीत. मग नकार त्यांचा होईल. आपण नामानिराळे.

"पद्मनाभराव, चंपाला घरी आणा," तो म्हणाला. "ती घरात असेल तर भाग्या या घरात येईल. नसेल तर नाही."

पद्मनाभरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ पुसून ते बोलायला लागले तेव्हा आवाज शांत होता. तुमच्याच मुलीला त्रास नको म्हणून ठेवली, म्हणाले. तुम्हाला कल्पना नाही. गाडीतून न्यायची म्हणजे दोघांनी धरावं लागायचं. एकदा सिग्नलला दार उघडून रस्त्यावर उतरली, मागून बस येत होती. तेव्हा ती सळी मी कापली, या हातांनी कापली. दयानंद तिला सोडून आल्यावर कितीतरी दिवस नीट जेवला नाही. मग जेवायला लागला. आता आमच्या घराची घडी बसली आहे, ती विस्कटू नका. तुम्ही शहाणे आहात.

बसवंतला हेच हवं होतं. आता फक्त उठायचं होतं आणि सरी, ठीक आहे, म्हणून निघायचं होतं. त्याने खुर्चीच्या हातावर हात टेकले.

तेवढ्यात अनुसूयाबाई आतून चपला हातात घेऊन आल्या. चपला उंबऱ्यात टाकून त्यांनी पाय घातले आणि डोक्यावरून पदर घेतला.

"अण्णा, गाडी तुमच्याकडेच आहे नव्हे?" त्या म्हणाल्या. "मला घेऊन चला."

"अनू, अगं स्वल्प थांब," पद्मनाभराव म्हणाले. "दयानंद येऊ दे. त्याला विचारू."

"श्रावणात मला कुणी विचारलं होतं?"

एवढंच म्हणून त्या फाटकाकडे गेल्या आणि गाडीच्या मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. पद्मनाभराव उठले नाहीत. बसवंत त्यांच्याकडे बघत होता. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "मला त्या आश्रमाचं फाटक बघवत नाही."

बसवंतला मनातून लाज वाटली. ती अट म्हणजे त्याने दुसऱ्याला अडकवायला टाकलेलं जाळं होतं, आणि ती बाई त्यात जन्मभराची आस घेऊन चालत आली होती. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

होसूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी लॉऱ्या होत्या आणि धूळ होती. अनुसूयाबाई मागे बसून न विचारता सांगत होत्या. आधी महिन्याला भेटू द्यायचे, पण त्या गेल्या की चंपा पुढे दोन दिवस आवरत नसे, म्हणून डॉक्टरांनीच मध्ये येऊ नका म्हणून सांगितलं. दसऱ्यापासून बघितलेली नाही. तिला उकडलेल्या शेंगा फार आवडतात. परवाच बाजारातून आणल्या आणि कुणासाठी आणल्या ते घरी आल्यावर आठवलं.

"मूठ फोडली होती ना तिने," त्या मध्येच म्हणाल्या. "रागाने नव्हे हो, अण्णा. गाय दिसली की तिला उतरायचं असायचं. गाईच्या पाठीवर हात ठेवायचा म्हणायची. गाडी थांबली नाही की मग मूठ धरून ओढायची, चावायची. हे म्हणायचे अंगात येतं. अंगात काही नव्हतं तिच्या. गाय होती."

बसवंत वळून बघू शकला नाही. इतकी वर्षं तो मोडलेल्या वस्तू वाचत होता, आणि त्याने त्या मुठीत काय काय वाचलं होतं! गाय त्याच्या स्वप्नातसुद्धा आली नव्हती.

आश्रम स्वच्छ होता. आवारात जास्वंदी होत्या, फरशी नुकतीच पुसलेली होती. तिथल्या बाई भल्या होत्या. घरी नेताय हे ऐकून त्यांना आनंदच झाला. गोळ्यांच्या पुड्या त्यांनी नीट समजावून दिल्या. आता तुम्हाला स्वल्पसुद्धा त्रास होणार नाही बघा, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. अनुसूयाबाई त्यांच्या खांद्यावरून सारखं आतल्या दाराकडे बघत होत्या.

चंपा आली. तिशीची असावी. केस बारीक कापलेले, अंगात धुतलेला सैल झगा, तेल लावलेलं कपाळ. बसवंतने मनाची तयारी केली होती ती ओरडण्याची, पळण्याची. बरोबरची दाई म्हणाली तिथपर्यंत ती चालत आली आणि थांब म्हटल्यावर थांबली. अनुसूयाबाईंनी तिला मिठीत घेतलं, तिचे गाल, कान, मान चाचपली, नाव घेतलं, पुन्हा घेतलं. चंपा उभी राहिली. मिठी सुटल्यावरही तिथेच उभी राहिली.

गाडीपाशी बसवंतने मागचं डावं दार उघडून धरलं. ती आत गेली नाही. तिची काही तक्रार दिसत नव्हती, नुसती ती उभी होती. बस, असं आईने म्हटल्यावर बसली आणि दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले.

 परतताना आरशात बसवंतला चंपाचा अर्धा चेहरा दिसत होता. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. आपण आधी काय मनात धरून आलो होतो ते पुसून टाकायचं असेल तर काहीतरी चांगलं, पक्कं बोलायला हवं होतं.

"अनुसूयाबाई, लग्नात चंपाला पुढे बसवा," तो म्हणाला. "मांडवात. सगळ्यांना दिसू दे."

"बसेल की," अनुसूयाबाई म्हणाल्या.  "आता सांगाल तिथे बसेल, अण्णा."

पुढे वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाय उभी होती. पांढरी, शिंगांना लाल रंग लावलेला, कुणाचीही पर्वा नसलेली. बसवंतने गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला नाही. उलट इंजिन बंद केलं.

"चंपा, बघ," अनुसूयाबाई म्हणाल्या. "बघ, गाय."

चंपाची नजर समोर होती. ती गाईकडे बघत होती की काचेकडे, ते कळत नव्हतं. अनुसूयाबाई थोडा वेळ वाट बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या मांडीवरचा हात उचलला, पलीकडे नेऊन दाराच्या मुठीवर ठेवला आणि त्यावर तिची बोटं एकेक करून मिटली.

"ओढ की ग," त्या म्हणाल्या. "कुणी रागावणार नाही. ओढ."

हात ठेवला तसा मुठीवर राहिला. बसवंत आरशात त्या हाताकडे बघत होता. ती मूठ तडकावी, मुळासकट उपटून यावी, असं त्याला इतकं मनापासून वाटलं की त्याच्या स्वतःच्या बोटांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. सबंध आयुष्यात आपण जोडलेली वस्तू मोडावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मागून एका लॉरीने हॉर्न दिला. गाय सावकाश बाजूला झाली. बसवंतने गाडी सुरू केली आणि खड्डे चुकवत ती हळूहळू जयनगरकडे घेतली.